जिंकलेला डाव पुन्हा मांडा: पांढऱ्या सोंगट्यांचा स्पर्धेतला एक डाव, चालीचालीनं

हरलेला डाव आपण घरी येऊन दहा वेळा मांडतो. कुठं चुकलं, कुणी सांगितलं होतं तो हत्ती हलवायला, या विचारात झोप उडते. जिंकलेल्या डावाचा कागद मात्र खिशात घडी होऊन पडून राहतो. नव्यानं स्पर्धा खेळायला लागलेल्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो की जिंकलेला डाव जास्त कडक नजरेनं तपासा. हरलात तर समोरच्यानं तुमची चूक पकडून तुमच्या हातात ठेवलेली असते. जिंकलात तेव्हा तुमच्या चुका त्यानं सोडून दिलेल्या असतात, आणि त्या तशाच तुमच्यासोबत पुढच्या फेरीला येतात.

हे कसं करायचं ते माझ्याच एका डावावरून दाखवतो. मी पांढऱ्या सोंगट्यांनी खेळलो आणि २६ चालींत मात केली. कागदावर निकाल झकास दिसतो. पण त्या डावात एका चालीला माझा उंट उघड उघड मरत होता. पट समोर घ्या आणि सोंगट्या हलवत वाचा. नुसतं डोळ्यांनी वाचून बुद्धिबळ डोक्यात शिरत नाही.

आधी कागद, घड्याळ आणि हात

पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. वजीर आपल्याच रंगाच्या घरात बसतो. उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ए ते एच अशी नावं असतात, आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८ असे आकडे. म्हणजे पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर असतो आणि काळ्याचा ई८ वर. खाली मी सोंगटीचं नाव आणि ती जाते ते घर एवढंच लिहिलं आहे. प्रत्येक आकड्यापुढं आधी पांढऱ्याची चाल असते, मग काळ्याची; आकड्यानंतर तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. गोंधळ होईल तिथं ए१-डी१ असं निघालेलं घरही लिहिलं आहे. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग (राजा हत्तीकडं दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडं येतो). चालीपुढचं प्रश्नचिन्ह म्हणजे ती चाल चुकीची.

स्पर्धेत प्रत्येक चाल स्वतःच्या हातानं कागदावर लिहावी लागते. आधी चाल करायची, मग लिहायची. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत आधी लिहून मग खेळायला बंदी आहे, फक्त बरोबरीचा दावा करताना वगैरे अपवाद आहेत. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला की लिहिण्यातून सूट मिळते, पण प्रत्येक चालीला तीस सेकंद किंवा जास्त वेळ वाढून मिळत असेल तर तीही नाही. आमच्या डावाला तीस सेकंदांची वाढ होती, म्हणून शेवटच्या चालीपर्यंत सगळं कागदावर आहे. अक्षर वाचता येईल असं काढा. कागद पंचांकडे जमा होतो, कारण तो आयोजकांचा असतो. आपल्याकडे राहते ती खालची प्रत, म्हणून पेन जरा दाबून चालवा.

हाताची शिस्त याहून महत्त्वाची. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर ती मारता येत असेल तर मारावी लागते. घरात वाकडी बसलेली सोंगटी नीट करायची असेल तर आधी तसं सांगा आणि मगच हात लावा. कॅसलिंग करताना एकाच हातानं, आधी राजा उचला. आधी हत्तीला हात लावलात तर त्या हत्तीनं कॅसलिंग करण्याचा हक्क जातो. घड्याळही चाल केली त्याच हातानं दाबायचं. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाच्या, डावात पहिली बेकायदा चाल झाली की समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि दुसरी झाली की डाव जातो. नवखे खेळाडू या एवढ्याशा गोष्टींनी घाबरे होतात. घरी मित्राबरोबर चार डाव घड्याळ लावून, कागदावर लिहून खेळा, भीती निम्म्यानं कमी होते.

पहिल्या नऊ चाली: एक प्यादं हातात

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ घोडा सी६

समोर एक निवृत्त गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी उंट जी४ वर आणून माझा घोडा जखडला. एफ३ चा घोडा हलला तर त्याच्या मागचा डी१ वरचा वजीर मरतो. आता इथं थांबा. अठराव्या शतकातले फ्रेंच खेळाडू लेगाल, जे त्याच काळातले नामवंत खेळाडू फिलिडोर यांचे गुरू होते, त्यांच्या नावानं ओळखली जाणारी एक मात आहे. जखडलेला घोडा खुशाल उडवायचा, वजीर मरू द्यायचा, आणि उंट व दोन घोड्यांनी मात करायची. मी ती नुकतीच शिकलो होतो आणि हात शिवशिवत होता. ५. घोडा×ई५ उंट×डी१ ६. उंट×एफ७+ राजा ई७ ७. घोडा डी५ आणि मात. स्वप्नासारखं.

पण काळ्यानं वजीर मारलाच पाहिजे अशी सक्ती कुठं आहे? ५. घोडा×ई५ ला काळा सी६ च्या घोड्यानं माझा घोडा मारतो. तो घोडा आता जी४ च्या उंटाला जोर देतो, म्हणजे त्याला राखतो, शिवाय माझ्या सी४ च्या उंटावरही चालून येतो. मला एक प्यादं मिळतं आणि माझा घोडा जातो. म्हणून सापळा रचताना समोरच्याची सगळ्यात चांगली चाल धरून मोजायचं, आपल्याला हवी ती धरून नाही.

मी सात मिनिटं घालवली आणि खेळलो ५. एच३. छोटीशी चाल, उंटाला विचारलेला प्रश्न: जातोस की मारतोस? काकांनी उंट मागे घेतला, पण जखड सोडली नाही.

५...उंट एच५ ६. घोडा×ई५

आता चालतं, कारण उंट एच५ वर आहे आणि त्याला कुणाचा जोर नाही. काळ्यानं घोड्यानं घोडा मारला तर माझा वजीर एच५ चा उंट मारतो. उंटानं वजीर मारला तर तीच लेगालची मात: ६...उंट×डी१ ७. उंट×एफ७+ राजा ई७ ८. घोडा डी५. एका घराच्या फरकानं चुकीची चाल बरोबर झाली. हा भाग पटावर दोनदा मांडून पाहा, उंट एकदा जी४ वर आणि एकदा एच५ वर ठेवून.

६...घोडा×ई५ ७. वजीर×एच५ घोडा×सी४ ८. वजीर बी५+ सी६ ९. वजीर×सी४

सातव्या चालीनंतर क्षणभर वाटतं की माझाही उंट गेला. पण पाचव्या ओळीवरून वजीर बी५ वर सरकतो, राजाला शह देतो आणि सी४ च्या घोड्यावरही मारा करतो. हा दुहेरी मारा मी सहावी चाल करण्याआधी पाहून ठेवला होता. तो पाहिला नसता तर सहावी चाल करण्याचा मला अधिकार नव्हता. मारामारी सुरू करायची तर सगळ्या सोंगट्या मरून पट शांत होईपर्यंत मोजा आणि मग दोन्हीकडची प्यादी मोजा. इथं माझी आठ, त्यांची सात. बाकी सगळं समान.

दहा ते सोळा: जिथं मी वाचलो

९...घोडा एफ६ १०. डी३ उंट ई७ ११. ०-० ०-० १२. उंट ई३ डी५

एक प्यादं वर असलं की मनाला सैल सुटायची घाई होते. मी सोंगट्या बाहेर काढल्या, कॅसलिंग केलं, उंट ई३ वर ठेवला. सगळं पुस्तकी. काकांचं डी५ आलं आणि माझ्या वजिरावर प्याद्याचा मारा झाला. मी मारलं, त्यांनी मारलं.

१३. ई४×डी५ सी६×डी५

आता वजीर कुठं न्यायचा? मी १४. वजीर बी३ खेळलो आणि मनात खूश झालो. बी७ च्या प्याद्यावर मारा, डी५ च्या प्याद्यावर मारा, एका चालीत दोन कामं. आपली चाल काय करते हे मी पाहिलं. डी५ चं प्यादं पुढं काय करणार आहे हे पाहिलं नाही. ते डी४ वर आलं की सी३ चा घोडा आणि ई३ चा उंट दोघांवर एकाच वेळी मारा होतो. प्याद्याचा दुहेरी मारा हा नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रकार, कारण प्यादं आपल्याला लहान वाटतं.

वजीर डी४ वर नेला असता तर ते प्यादं जागचं हललंच नसतं. एफ४ वर नेला असता तरी चौथ्या ओळीवरून डी४ वर पहारा राहिला असता. बी३ वर जाऊन मी तो पहारा स्वतःच उठवला. लगेच १४...डी४ आलं असतं तर १५. उंट×डी४ वजीर×डी४ १६. वजीर×बी७ असं होऊन माझ्याकडे एका मोहऱ्याच्या (प्याद्याखेरीजच्या सोंगटीच्या) बदल्यात तीन प्यादी राहिली असती. डाव गढूळ झाला असता, पण संपला नसता. काकांनी मात्र बी७ वाचवलं.

१४...बी६ १५. हत्ती ए१-डी१ ?

ही माझी सगळ्यात वाईट चाल, आणि दिसायला सगळ्यात साळसूद. हत्ती उघड्या पट्टीच्या दिशेनं आणा, असं सगळे सांगतात, मी आणला. आता बी७ वर काही नाही, बी६ ला ए७ चा जोर आहे. १५...डी४ १६. उंट×डी४ वजीर×डी४ झालं की माझा उंट गेला आणि बदल्यात एकच प्यादं. डी१ चा हत्ती माझ्याच डी३ च्या प्याद्यामागं अडकून पाहत बसतो.

काका बारा मिनिटं विचार करत होते. त्यांचा हात डी५ च्या प्याद्यावर आला, बोटभर वर थांबला. त्या क्षणी मला डी४ दिसलं आणि पोटात खड्डा पडला. मी मान खाली घालून कागदावर उगाच आधीच्या चाली गिरवत राहिलो. हात बाजूला सरकला आणि त्यांनी उंट उचलला.

१५...उंट डी६ १६. डी४

मी तत्काळ डी४ वर स्वतःचं प्यादं बसवून दार लावून घेतलं. समोरच्यानं संधी सोडली की लगेच ते छिद्र बुजवा. "आता त्याला दिसलं नाही तर पुढंही दिसणार नाही" असं धरून चालू नका.

एक गोष्ट मला घरी कळली आणि तिनं मी चकित झालो. पंधराव्या चालीला मी ए१ ऐवजी एफ१ चा हत्ती उचलून ई१ वर ठेवला असता तर डी४ चाललंच नसतं! १५...डी४ १६. उंट×डी४ वजीर×डी४ १७. हत्ती×ई७. उंट ई३ वरून हलला की ई-पट्टी उघडते आणि काळ्या वजिरानं डी८ सोडल्यामुळं ई७ च्या उंटाला जोर उरत नाही. एक हत्ती डी१ वर आला तर मोहरा जातो, दुसरा ई१ वर आला तर मोहरा परत मिळतो. कोणता हत्ती आणायचा हा प्रश्न सवयीनं सोडवायचा नसतो, हे मला याच डावानं शिकवलं.

सतरा ते वीस: दुसरं प्यादं

१६...हत्ती ई८

आता डी५ चं प्यादं एकटं पडलं आहे, त्याच्या शेजारी मदतीला दुसरं प्यादं नाही. घोडा आणि वजीर दोघांचा त्यावर मारा आहे. मारायचं? १७. घोडा×डी५ घोडा×डी५ १८. वजीर×डी५ आणि मग उंट एच२+! माझा राजा उंट मारतो किंवा कोपऱ्यात जातो, आणि डी-पट्टी उघडल्यामुळं काळा वजीर माझा वजीर घेऊन जातो. कॅसलिंग केलेल्या राजासमोर डी६ वर उंट आणि त्याच्या मागं डी८ वर वजीर दिसला की हा धोका आधी तपासा. हौशी स्पर्धांत यात वजीर गेलेले मी पाहिले आहेत.

१७. उंट जी५ उंट ई७ १८. उंट×एफ६ उंट×एफ६ १९. घोडा×डी५

आधी एफ६ चा घोडा जखडला, कारण डी५ चा खरा राखणदार तोच. काकांनी जखड सोडवायला उंट ई७ वर परत आणला, त्यामुळं एच२ वरचा शहही संपला. मग राखणदार मारला आणि प्यादं घेतलं. काळ्यानं १९...उंट×डी४ म्हटलं तर २०. हत्ती×डी४ आणि घोड्याला वजीर व हत्ती दोघांचा जोर आहे.

१९...हत्ती सी८ २०. घोडा×एफ६+ वजीर×एफ६

माझी सात प्यादी, त्यांची पाच. दोन्हीकडे एक वजीर, दोन हत्ती. पुढं असताना मोहरे बदलावेत, प्यादी जपावीत. हा सल्ला जुना आहे आणि खरा आहे.

शेवट: खिडकी कुणाच्या राजाला आहे

२१. सी३ हत्ती ई२

काळा हत्ती माझ्या दुसऱ्या ओळीवर घुसला. हत्तीनं हत्तीला हटकावं म्हणून २२. हत्ती एफ१-ई१ सुचतं, आणि ती भयंकर चूक आहे. २२...वजीर×एफ२+, राजा कोपऱ्यात, मग वजीर×जी२ आणि मात. एफ१ चा हत्ती एफ२ सांभाळत होता, तो हलवायचा नव्हता. हटकायला दुसरा हत्ती मोकळा होता.

२२. हत्ती डी१-ई१ हत्ती सी८-ई८ २३. हत्ती×ई२ हत्ती×ई२ २४. वजीर डी५

ही चाल मला आवडते. वजीर पटाच्या मध्यभागी येतो आणि ए८ कडं तिरका पाहतो. बी२ चं प्यादं मी मोकळं सोडलं आहे, जाणूनबुजून. काळ्याचा राजा जी८ वर, त्याच्यापुढं एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागच्या जागी. आठव्या ओळीवर पहारा द्यायला एकही हत्ती नाही. काळ्यानं एच६ खेळून राजाला वाट करून दिली असती किंवा हत्ती ई८ वर परत नेला असता तर मला दोन जास्तीच्या प्याद्यांवर अजून बराच वेळ झगडावं लागलं असतं.

२४...हत्ती×बी२ ? २५. वजीर ए८+ वजीर डी८ २६. वजीर×डी८ मात

बी२ वरचा हत्ती परत आठव्या ओळीवर येऊ शकत नाही, बी-पट्टीवर त्याच्याच बी६ च्या प्याद्यानं वाट अडवली आहे. मध्ये घालायला फक्त वजीर उरतो, तोही मरतो. माझ्या राजाला मात्र पाचव्या चालीपासून एच२ ची खिडकी उघडी होती. उंटाला हुसकवायला सरकवलेलं एच३ शेवटपर्यंत माझी पाठ राखत होतं. तुमचा राजा तीन न हललेल्या प्याद्यांमागं बसला असेल आणि पटावर हत्ती किंवा वजीर फिरत असतील, तर सवड मिळताच एक खिडकी उघडा.

डाव संपल्यावर लगेच

हात मिळवा, घड्याळ थांबवा, दोन्ही कागदांवर निकाल लिहून दोघांच्या सह्या घ्या. मग समोरच्याला विचारा, "दोन मिनिटं बसूया का?" जिंकणाऱ्यानं हे नम्रपणे विचारायचं असतं. समोरचा नाही म्हणाला तर आग्रह करू नका, हरल्याची टोचणी ताजी असते. चर्चा खेळायच्या हॉलबाहेर करा, आत इतरांचे डाव चालू असतात.

काका बसले. मी पंधराव्या चालीची मांडणी लावली आणि म्हणालो, "काका, इथं डी४ खेळला असतात तर माझा उंट गेला असता."

"दिसलं होतं रे मला," ते म्हणाले. "पण तू उंटानं मारशील म्हणून सोडलं. वजिरानं परत मारायचं ते पुढं मोजलंच नाही."

एका वाक्यात त्यांची चूक कळली, आणि तीच माझीही होती. चौदाव्या चालीला मीसुद्धा एक पाऊल आधी थांबलो होतो. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्रॅम, तुम्हाला चाल सांगेल, पण समोरच्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते फक्त तोच सांगू शकतो. म्हणून ही दोन मिनिटं सोडू नका. ऐकताना कागदाच्या कडेला दोन शब्द लिहून ठेवा, घरी पोचेपर्यंत विसरायला होतं.

घरी, आधी स्वतःच्या डोक्यानं

त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी खराखुरा पट मांडा. फोन बाजूला ठेवा. पहिल्या चालीपासून डाव खेळत जा आणि प्रत्येक चालीला समोरच्याच्या बाजूनं बसा. खुर्ची खरंच बदला. काळ्याच्या बाजूनं पट वेगळा दिसतो, आणि पांढऱ्याचा धोक्यात आलेला उंट तिकडून चटकन दिसतो.

जिथं तुम्ही जास्त वेळ घेतलात आणि जिथं अजिबात घेतला नाही, अशा दोन्ही जागांवर खूण करा. माझ्या डावात पाचव्या चालीला सात मिनिटं गेली आणि चाल बरोबर आली. पंधराव्या चालीला मी वीस सेकंदही घेतले नव्हते. प्रत्येक खुणेपाशी स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहा: मला काय हवं होतं, त्याला काय हवं होतं. दुसरा भाग बहुतेक वेळा कोरा राहतो. तिथंच चूक लपलेली असते.

१९४८ मध्ये जगज्जेते झालेले मिखाइल बॉटविनिक स्वतःच्या डावांचं विश्लेषण करून ते प्रसिद्ध करावं असं सांगत, म्हणजे तुमची चूक दुसरं कुणी दाखवून देईल. आपण प्रसिद्ध नाही केलं तरी चालेल, पण आपल्यापेक्षा थोडा बरा खेळणाऱ्या एका मित्राला वही दाखवायला काय हरकत आहे?

मग इंजिन

आता संगणकाला विचारा. इंजिन प्रत्येक मांडणीला एक आकडा देतं, साधारण प्याद्यांच्या हिशोबात. अधिक असेल तर पांढरा बरा, उणे असेल तर काळा. पूर्ण डावभर आकडे वाचत बसू नका. आकडा जिथं एकदम उडी मारतो त्या दोन-तीन जागा शोधा आणि तुमच्या खुणांशी ताडून पाहा. माझ्या वहीत पंधराव्या चालीवर खूण होती, पण एफ१ चा हत्ती ई१ वर नेणं मला सुचलं नव्हतं. ते इंजिनानं सांगितलं. तरी का चालतं ते मी पटावर मांडूनच समजून घेतलं, नुसती चाल उतरवून घेतली असती तर आठवड्यात विसरलो असतो.

इंजिन कधी कधी अशी चाल सुचवतं जी आपल्याला पाच मिनिटं पाहूनही कळत नाही. ती सोडून द्या. तुमच्या पातळीला कळण्याजोगी एक चूक नीट कळली तर त्या डावानं तुमचं भलं केलं.

वहीत मी या डावाखाली तीन ओळी लिहिल्या. प्यादं दोन मोहऱ्यांसमोर येऊ शकतं का ते पाहा. हत्ती आणण्याआधी कोणता ते ठरवा. वजिरानं पहारा सोडताना तो कशावर होता ते आठवा. पुढच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री मी फक्त या ओळी वाचतो.

तुमच्यासाठी ती मांडणी इथं देतो. पांढरा: राजा जी१, वजीर बी३, हत्ती ए१ आणि एफ१, उंट ई३, घोडा सी३, प्यादी ए२, बी२, सी२, डी३, एफ२, जी२, एच३. काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती ए८ आणि एफ८, उंट ई७, घोडा एफ६, प्यादी ए७, बी६, डी५, एफ७, जी७, एच७. पंधरावी चाल पांढऱ्याची. आधी हत्ती डी१ वर ठेवून काळ्याच्या बाजूनं डी४ खेळा, मग तोच हत्ती परत ठेवून एफ१ चा ई१ वर न्या आणि पुन्हा डी४ खेळा. दोन्ही वेळा शेवटपर्यंत मारामारी करून प्यादी मोजा.